बुटकी बघावी लागते

रोज सकाळी साडेसहाला नोरीन स्टकी कॉलेजच्या हॉलचं मागचं दार उघडायची, दिव्यांची फक्त उत्तरेकडची रांग लावायची आणि एक बॉल घेऊन भिंतीसमोर उभी राहायची. त्या भिंतीत आठ फूट उंचीवर एक वीट बाकीच्यांपेक्षा काळपट होती. डाव्या हाताने त्या विटेवर दहा पास. एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. दहावा पास परत हातात आला की ती भिंतीला म्हणायची, "आज बरी खेळलीस," आणि बॉल जागेवर ठेवून कॉफी करायला जायची.

उंच मुलीने हात वर केले की तिची बोटं जिथवर पोचतात, तिथे ती वीट होती. नोरीन भिंतीला 'माझी सेंटर' म्हणायची. सेंटर म्हणजे रिंगखाली उभी राहणारी, संघातली सगळ्यात उंच मुलगी. नोरीन स्वतः तरुणपणी गार्ड होती, बॉल मागून पुढे आणणारी, कुणाला कधी द्यायचा ते ठरवणारी. उंची पाच फूट चार इंच. "तेही बूट घालून," ती सांगायची.

उत्तर इंडियानातल्या आमच्या छोट्या कॉलेजात ती सदतीस वर्षं मुलींच्या बास्केटबॉल संघाची सहायक कोच होती. मुख्य कोच सहा आले आणि गेले, नोरीन तिथेच राहिली. तिचं खरं काम मुली शोधण्याचं. नोव्हेंबर ते मार्च, बर्फ असो की धुकं, ती आपल्या जुन्या गाडीतून तीन जिल्ह्यांतल्या शाळांचे हॉल पालथे घालायची. बरोबर एक वही, एक थर्मास आणि गुडघ्यावर टाकायची एक शाल.

तिची बघायची एक पद्धत होती. दारात मिळालेला सामन्याचा कागद ती आडवा दुमडायची आणि पहिला पाव सामना तो डोळ्यांसमोर असा धरायची, की खेळाडूंचे खांद्यांच्या वरचे भाग दिसायचेच नाहीत. फक्त हात आणि पाय. शेजारच्यांना वाटायचं, म्हातारीला दिवे सोसत नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायची, "उंच मुलगी दिसते हो आपोआप. बुटकी बघावी लागते."

ही पद्धत तिला एका चुकीने शिकवली होती. एकोणीसशे एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत ती टॅमरॅक गावच्या शाळेत कार्ला डोब्स नावाच्या सहा फूट तीन इंचांच्या मुलीला बघायला गेली. कार्लाने सत्तावीस गुण केले. नोरीनने त्याच आठवड्यात तिला कॉलेजात आणलं. पुढच्या हिवाळ्यात कार्ला रिंगखाली हात वर करून उभी राहायची आणि बॉल कधी तिच्या गुडघ्यावर यायचा, कधी पाठीवर, कधी ती वळून गेल्यावर. सत्तावीसचे सहा झाले. दुसऱ्या वर्षी ती कॉलेज सोडून घरी गेली. तेव्हा नोरीनने जुनी वही उघडली. कार्लावर दोन पानं होती. खाली कोपऱ्यात एक ओळ होती, 'बारा नंबर पास बरे देते.' नाव नव्हतं. विचारलंच नव्हतं.

त्यानंतरही तिने उंच मुली आणल्या नाहीत असं नाही. मुख्य कोचांना उंची हवीच असायची. शेवटचा कोच डेल फेरिन तर त्या बाबतीत हट्टीच होता. वय एक्केचाळीस, बोलणं भरभर, नोरीनला मान देणारा आणि तिच्याशी रोज भांडणारा.

"नोरीन, बाकीचं सगळं मी मुलींना शिकवीन," तो म्हणायचा. "उंची कुठून आणू? दुकानातून?"

"दुकानातून बूट आण. दोन इंच तिथेच मिळतात. या कागदांवरच्या निम्म्या उंच्या बुटांच्याच आहेत."

"रिंग दहा फुटांवर आहे. कितीही गोड पास दिला तरी ती खाली येत नाही."

"आणि सेंटर कितीही उंच असली तरी बॉल आपणहून तिच्याकडे चालत येत नाही."

नोरीनच्या शेवटच्या हिवाळ्यात पूर्ण फी माफ असलेली एकच जागा उरली होती. संघातली सेंटर त्या वर्षी पदवी घेऊन जाणार होती. डेलने जानेवारीत सगळ्यांसमोर नोरीनला शब्द दिला. "ही जागा तुमची. तुम्ही जे नाव लिहाल त्याच्यावर मी सही करतो. फक्त ते नाव उंच असावं, एवढीच प्रार्थना." सगळे हसले. उंच नाव कुठलं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. टॅमरॅकची ॲनिका व्रूमन, सहा फूट चार.

शुक्रवारी नोरीन टॅमरॅकला गेली. तीस वर्षांपूर्वीचाच हॉल, फक्त बाकं नवी. तिने कागद दुमडून धरला. पहिल्या पाव सामन्यात तिला ॲनिकाचे हात दिसले. मोठे, मऊ, बॉल आला की आवाज न करणारे. आणि तिला एक जोडी पाय दिसले, जे कधी घाईत नव्हते आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचत होते. त्या पायांवरचा नंबर चार. कागदावर नाव होतं त्रिनी उरिबे, पाच फूट तीन.

ॲनिका वळायच्या आधी बॉल निघालेला असायचा आणि ती वळली की हातात पडायचा. लोक ॲनिकासाठी ओरडत होते. तिसऱ्या पावात त्रिनीचा चौथा फाउल झाला. पाचव्याला खेळाडू बाद होते, म्हणून तिला बाहेर बसवलं. पुढची सात मिनिटं ॲनिका हात वर करून उभी होती. बॉल तिच्याकडे दोनदा आला, दोन्ही वेळा उशिरा. नोरीनने कागद खाली घेतला. मुलीच्या चेहऱ्यावर तिला कार्लाच दिसली.

पण नोरीन स्वतःला फसवणारी बाई नव्हती. चौथ्या पावात त्रिनी परत आली आणि ॲनिका थकून बाकावर गेली, तेव्हा तेच सुंदर पास दुसऱ्या मुलींच्या हातांवर आपटून बाहेर गेले. तीन गेले, एक लागला. नोरीनने वहीत लिहिलं, 'हात नसतील तर हिचे पास नुसत्या चुका दिसतात.' खाली दोन्ही नावं लिहिली आणि कुठल्याच नावाखाली रेघ ओढली नाही.

रविवारी व्रूमनांच्या घरी जेवण ठरलेलं होतं. मुलगी हवी असेल तर कोचने घरी जायचं आणि पुढ्यात येईल ते खायचं, ही आमच्याकडची रीतच. नोरीनची स्वतःची एक सवय तीन जिल्ह्यांत माहीत होती. ती कुठेही दुसऱ्यांदा वाढून घेत नसे. घेतलं, की समजायचं, मुलगी घेतली.

ॲनिकाची आई रॉंडा बुटकी होती. नोरीन दारात जरा थबकली तशी रॉंडा हसली.

"बघताय काय कोच? उंची लग्नात मिळाली आम्हाला. नवरा सहा फूट सहा आहे. गोठ्यात गेलाय, येईल. डोकं वाकवून."

कुस्करलेल्या बटाट्यांवर कोंबडीच्या रश्शातल्या शेवया, मक्याचे दाणे, आणि गोडाला साईसाखरेचं सारण भरून भाजलेला 'पाय'. ॲनिका मान खाली घालून भरभर जेवत होती. एवढी उंच मुलगी, पण खुर्चीत शक्य तितकी लहान होऊन बसलेली.

"नीट बस गं," आई म्हणाली. "कोच काय म्हणतील, पैसे देऊन निम्मीच आणली."

"आई!"

ॲनिका उठून वडिलांना हाक मारायला गेली. रॉंडाने टेबलाचा कोपरा पुसला आणि सहज म्हटलं, "तुम्ही आधीही आला होतात टॅमरॅकला. कार्ला डोब्सला बघायला."

"तुला कसं माहीत?"

"मी होते ना कोर्टवर. बारा नंबर."

नोरीनने काटा खाली ठेवला.

"सामना संपल्यावर मी पाणी प्यायच्या नळापाशी उभी होते. मुद्दाम," रॉंडा म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे, जुना फोटो दाखवावा तसं. "तुम्ही दोनदा माझ्या बाजूने गेलात. एकदा तर 'जरा बाजूला होतेस का' म्हणालात. झालेही मी बाजूला."

"नाव काय होतं तुझं तेव्हा?"

"रॉंडा फिलबी." ती हसली. "असू दे हो. दातांच्या डॉक्टरकडे पंचवीस वर्षं कामाला आहे मी, सगळ्या गावाचे दात मला पाठ आहेत. वाईट काय झालं माझं? माझ्या मुलीला बघायला आलात ना आता." आणि पळी उचलून म्हणाली, "शेवया अजून थोड्या?"

नोरीनने ताट पुढे केलं.

ते का केलं, हे तिने नंतर अनेकदा स्वतःला विचारलं. नाही म्हणायला त्या क्षणी तिच्याकडे तोंड नव्हतं, एवढंच. पण रॉंडाचा हात पळीवर क्षणभर थांबला आणि तिचा चेहरा उजळला, ते नोरीनने पाहिलं. नवरा आला, तो दारात वाकला, त्याची नजर दुसऱ्यांदा भरलेल्या ताटावर गेली आणि त्याने नोरीनचा हात हातात घेऊन हलवला.

सोमवारी सकाळी भिंतीवरचे तीन पास चुकले. ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत राहिली. डेल आला तेव्हाही बॉल तिच्या हातातच होता.

"घेतलंत म्हणे दुसऱ्यांदा!" तो दारातूनच ओरडला. "टॅमरॅकमधून फोन आला मला. शेवया!"

"मला दुसरी हवी आहे, डेल. चार नंबर. त्रिनी."

डेल बाकावर बसला. त्याने हातातल्या चाव्या वाजवल्या.

"सेंटर नाहीये आपल्याकडे. पुढच्या वर्षी रिंगखाली कोण उभं राहणार? तुम्ही?"

"ॲनिकासाठी अजून चार कॉलेजं येऊन गेलीत. आपण नाही घेतली तर ती दुसरीकडे शिकेल. त्रिनीच्या घरी एकजण नाही गेला. तिची आई बदकांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला आहे. मुलीचं नावही तिथल्या कामाच्या यादीत लागलंय, जूनपासून."

"हे बास्केटबॉल नाही, नोरीन. ही दया झाली."

"बास्केटबॉलही सांगते. ॲनिकाला कुणीही चांगला पास दिला तर ती चांगली. त्रिनी जिथे जाईल तिथे पास चांगलाच असेल."

"आणि पकडणार कोण?"

नोरीनने बॉल एकदा जमिनीवर आपटून पुन्हा हातात घेतला. डेलने मग आवाज खाली आणला. "एक विचारू? ही त्रिनी आहे की ती बारा नंबर? वहीतली ती ओळ तुम्ही कितीदा सांगितलीत मला. तीस वर्षांपूर्वीचं देणं या मुलीच्या नावावर फेडताय का?"

नोरीन भिंतीकडे बघत राहिली. "थोडं असेलही," ती म्हणाली. "पण कागद दुमडून बघितलं मी. कागदाला बारा नंबर माहीत नव्हती."

डेल उठला. "शब्द दिलाय, सही करतो. पण ॲनिकाच्या आईला तुम्ही सांगायचं. फोनवर नाही."

त्याच संध्याकाळी नोरीन व्रूमनांच्या पायरीवर उभी होती. रॉंडाने दार उघडलं, चेहरा पाहिला आणि जाळीचं दार मध्ये तसंच ठेवलं.

"बोला."

नोरीनने सांगितलं. जागा एकच आहे, ती त्रिनीला देतेय. ताट पुढे करायला नको होतं, ती चूक माझी.

 रॉंडा हसली, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं. "म्हणजे तीस वर्षांनी तुम्हाला गार्ड दिसली. आणि तीही दुसऱ्याच्या घरातली."

"हो."

"माझ्या मुलीने काल मैत्रिणींना सांगितलंय. तुमच्या कॉलेजच्या रंगाचा स्वेटर काढून ठेवलाय तिने. तिला कुठल्याही कॉलेजात जायचं नव्हतं, कोच. तिला घरापासून चाळीस मिनिटांवर राहायचं होतं. उंच आहे म्हणून सगळ्यांना वाटतं, हिचं काय, हिला कुठेही मिळेल. तुम्हालाही तेच वाटलं ना?"

नोरीनने मान डोलावली. मुलीला कुठे राहायचंय, हा विचार तिने केलाच नव्हता. पायांचा केला होता, हातांचा केला होता.

"मला दिसली नाही ती," ती म्हणाली. "एवढी उंच असून."

"त्रिनी चांगली आहे," रॉंडा म्हणाली.  "तुमच्या जागी मी असते तर मीही तिलाच घेतलं असतं. म्हणूनच राग येतोय मला. जा आता."

ॲनिका ओहायोतल्या एका कॉलेजात गेली, पाच तासांवर. त्रिनी आमच्याकडे आली. पहिलं वर्ष वाईट गेलं. डेल म्हणाला होता तसंच झालं. पास हातांवर आपटायचे, खांद्याला लागायचे. एकदा तर आमच्याच मुलीच्या नाकातून रक्त आलं. संघ एकोणीस सामने हरला. गावातल्या हॉटेलात नोरीन नाश्त्याला गेली की कुणीतरी म्हणायचंच, "काय कोच, यंदा रिंग जरा खाली आणायला सांगा की!" ती म्हणायची, "सांगितलंय. अर्ज दिलाय." आणि अंडी खात राहायची.

नोकरी संपली तरी किल्ली तिच्याकडेच राहिली. सकाळी साडेसहाला ती हॉलवर यायचीच. काही दिवसांनी त्रिनीही यायला लागली. दोघी भिंतीसमोर उभ्या राहायच्या.

"भिंतीला पास देणं सोपं आहे, कोच," एकदा त्रिनी म्हणाली. "ती हलत नाही."

"म्हणून तर. भिंत बॉल सोडत नाही, त्यामुळे पास कसा होता ते नीट कळतं. माणसं सोडतात, मग चूक कुणाची यावर भांडण."

"मग चूक कुणाची?"

"त्यांचे हात जसे आहेत तसा पास दे. तुला आवडेल तसा नाही. ॲनिकाच्या हातांना दिलेला पास विसर."

त्रिनीने बॉल छातीशी धरला. "तिला घ्यायला हवं होतं का तुम्ही? माझ्याऐवजी?"

"माहीत नाही," नोरीन म्हणाली. "सकाळी वाटतं बरोबर केलं. संध्याकाळी गुडघा दुखायला लागला की वाटतं, नाही." आणि मग, "चल, डावा हात."

त्रिनीचे पास हळू झाले, साधे झाले. दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या पाच फूट अकराच्या मुली ते पकडायला लागल्या. संघ जिंकत होता तितकाच हरत होता.

त्याच जानेवारीत ॲनिकाचं कॉलेज आमच्याकडे खेळायला आलं. नोरीन नेहमीसारखी तिसऱ्या रांगेत, शाल गुडघ्यावर. सामना सुरू व्हायच्या आधी शेजारी कुणीतरी येऊन बसलं. रॉंडा होती. तिच्या हातात कागदी बशीत त्याच साईसाखरेच्या 'पाय'चा एक तुकडा होता.

"पहिलाच आहे," रॉंडा म्हणाली. "दुसरा विचारणार नाही."

नोरीनने बशी घेतली. "ॲनिका कशी आहे तिथे?"

"पहिली थंडी रडून काढली. आता खोलीत एक मैत्रीण आहे, गायींवर बोलतात दोघी." रॉंडाने कोर्टकडे हात केला. "ताठ उभी राहायला लागलीय बघा. ते काही मी शिकवलं नाही."

सामना सुरू झाला. ॲनिकाला तिथलीही गार्ड बरी मिळाली होती. ती वळायची आणि बॉल यायचा, अगदी वेळेवर नाही, पण यायचा. या बाजूला त्रिनी आपल्या साध्या पासांनी बाकीच्या चौघींना खेळवत होती. मध्येच एकदा दोघी समोरासमोर आल्या. त्रिनीने ॲनिकाच्या हातांखालून बॉल काढून घेतला आणि दोघीही हसल्या. रॉंडाने श्वास सोडला.

"वही आहे अजून?" तिने विचारलं.

नोरीनने पिशवीतून ती काढली. नवी नव्हे, एकोणनव्वदची. कोपऱ्यातल्या त्या ओळीत बारा नंबरच्या पुढे वेगळ्या शाईत लिहिलेलं होतं, 'रॉंडा फिलबी.' रॉंडाने ते वाचलं, पान मिटलं आणि वही नोरीनच्या मांडीवर ठेवून दिली.  नोरीनने बशीतला तुकडा संपवला, बोटं पुसली, कागद आडवा दुमडला आणि डोळ्यांसमोर धरला.

तिसरा पाव संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा कागद तिच्या मांडीवर पडला होता आणि मान खाली होती. रॉंडाला वाटलं, मुलींचे पायच बघतायत अजून. तिने हाक मारली, मग हाताला हात लावला. डॉक्टर म्हणाले, झोप लागावी तसं झालं असेल.

नोरीनच्या अंत्ययात्रेत त्रिनी एका बाजूला चालत होती, ॲनिका दुसऱ्या. नंतर लोकांनी रॉंडाला पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी काही म्हणाल्या का? त्या निवडीबद्दल? त्या दोघींबद्दल? रॉंडा म्हणायची, तसलं काही नाही. तिसरा पाव सुरू होताना माझं डोकं मध्ये येत होतं त्यांच्या. कोपराने ढोसलं मला आणि म्हणाल्या, "जरा पलीकडे सरक गं, मला तो कोपरा दिसत नाहीये."